पाचवी गोळी

टेबलावर तीन दुर्बिणी मांडल्या होत्या. त्यांतली एक पोलिसांच्या रायफलींवर चढायची होती. साहेबांचा जीव सगळ्यात झगझगीत दुर्बिणीवर जडला होता. तिच्यातून समोरच्या छपरावरचा कावळासुद्धा राजहंस दिसत होता.

पथकातली नेमबाज मात्र दुर्बिणींकडे बघतही नव्हती. तिच्या खिशात बदलीचा अर्ज होता. सहा महिन्यांपूर्वी एका ओलिसाला सोडवताना तिची गोळी चार बोटं डावीकडे, भिंतीत गेली होती. ओलीस वाचला तो नशिबानं. आपला हातच गेला, अशी खूणगाठ तिनं तेव्हापासून मनाशी बांधली होती.

शस्त्रागार सांभाळणारे काका म्हणजे महाहट्टी माणूस. कुठल्या दुर्बिणीतून छान दिसतं, हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही. त्यांची रीत ठरलेली. नेम एकाच ठिपक्यावर धरून पहिली गोळी झाडायची. मग गोळीची जागा सरकवणाऱ्या दुर्बिणीच्या चकत्या वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवायच्या आणि दर वळणाला एक गोळी. कागदावर चौकोन उमटतो आणि पाचवी गोळी पहिलीच्या भोकात परत यायला हवी. मध्येच रायफल कमरेच्या उंचीवरून गोणपाटावर आपटायची. साहेब कळवळले, तेव्हा गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा रायफलीला कोण मांडीवर घेतं, असं काकांनी विचारलं.

झगझगीत दुर्बिणीची पाचवी गोळी वाट चुकली. दुसरीचीही चुकली. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

तिसरी काळीठिक्कर, वजनाला वरवंटा. नेमबाज मुलीनं श्वास सोडला आणि पाचवी गोळी झाडली. कागदावर नवं भोक दिसेना. चुकले, असंच तिला वाटलं. काकांनी कागद आणून उजेडात धरला. भोकं चारच होती, पहिल्याची कड तेवढी किंचित फाटलेली. शंभर पावलांवरून, एवढे धक्के खाऊन, शिशाचा एवढासा तुकडा आपल्या घरी परतला होता. तिच्या अंगावर काटा आला. जगात इतकं खरं काही असू शकतं, यावर तिचा विश्वासच बसेना.

काका उठले आणि त्यांनी कपाटातून चौथी दुर्बीण काढली. ओलिसाला सोडवताना तिच्या रायफलीवर होती, तीच ही जुनी दुर्बीण. तिलाही त्यांनी तसंच आपटलं, तशाच पाच गोळ्या झाडायला लावल्या.

पाचवी गोळी पहिल्या भोकाच्या डावीकडे गेली. काकांनी मधल्या जागेवर आपली बोटं ठेवली. चार बोटं बरोबर मावली.

"हे मी तेव्हाच करायला हवं होतं, पोरी," ते म्हणाले. "सगळ्यांनी तुझ्या हाताकडे बघितलं. मीसुद्धा."

ती नुसती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

निकाल लिहायला काकांनी कागद मागितला. तिनं खिशातला अर्ज काढला, कोरी बाजू वर केली आणि त्यांच्यापुढे सरकवला.