ओढ्यापलीकडचा ठिपका

आमच्या वुल्तुरे डोंगराभोवती एक पतंग असतो. तळहाताएवढा, तपकिरी, पंखांवर डोळे वटारल्यासारखी वर्तुळं. बाकी अख्ख्या युरोपात औषधालासुद्धा नाही. नकाशावर त्याची हद्द आमच्या ओढ्यापाशी संपते.

माझा नवरा कानियो तीस वर्षं वनरक्षक होता. ‘मी तो ओढ्यापलीकडे पाहिलाय’ असं तो एकदा भर खानावळीत बोलला आणि त्याचा धाकटा भाऊ वीतो खो खो हसला. म्हणाला, दादा, पतंग नव्हे, तुझी दारू उडत होती. झालं! अकरा वर्षं अबोला.

यंदा विद्यापीठातून एक बाई आल्या, नवा नकाशा करायला. एप्रिल संपायच्या आत पतंग दाखवा, नाहीतर हद्द आहे तिथेच राहील, म्हणाल्या. कानियोनं पलीकडचं झाडन्‌झाड धुंडाळलं. फक्त वीतोच्या आवाराला वळसा घातला. रात्री जेवताना नुसता ताटाकडे बघत बसायचा. लोक मला खोटारडा म्हणूनच पुरणार, म्हणायचा. जीव तुटायचा माझा.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे ज्याच्याशी बिनसलंय त्याला ऑलिव्हची डहाळी नेऊन देतात. कानियोची डहाळी दरवर्षी त्याच्या खिशातून तशीच परत येते आणि तसबिरीमागे वाळते. मी मात्र वीतोकडून अंडी आणणं सोडलं नव्हतं. भांडण त्यांचं, ऑम्लेट माझं. त्या रविवारीही चर्चमधून परस्पर गेले, तर खुराड्याच्या भिंतीवर पतंग! शेजारी रिकामी बरणी पडली होती. उपडी घातली असती की काम फत्ते. नाही घातली.

घरी येऊन म्हटलं, “वीतोच्या खुराड्यावर बसलाय. मी आणणार नाही. तुझा तू जा.”

तिकडे जातेस म्हणून आधी माझ्यावरच डाफरला. मग टोपी घातली आणि निघाला. मीही मागोमाग गेले, सोडते की काय!

पतंग तिथेच होता. दोघे भाऊ भिंतीसमोर उभे राहिले.

“दरवर्षी येतो, दादा,” वीतो हळूच म्हणाला. “मी हसलो ना, त्याच्या पुढच्याच वर्षीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला लाज वाटली. आणि तू तरी दारात कधी आलास?”

कानियोनं खिशातून डहाळी काढली. वीतोनं ती दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नकाशावर ओढ्यापलीकडे ठिपका दिला आणि विचारलं, कुणी पाहिला म्हणून लिहू?

“माझ्या भावानं,” कानियो म्हणाला.