सोडून आली

"हिनं तं नवऱ्याले सोडलंच हाय, मंग आता घर काहून मांगून राहिली?" अर्जाची झेरॉक्स वाचता वाचता ललितने विचारलं, आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये प्रियदर्शनीचा चहा हातातच राहिला.

काल परतवाड्याजवळच्या एका गावात त्यांच्या लॉ कॉलेजचं मोफत सल्ला शिबिर होतं. तिथल्या केशरबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला गेला तो गेलाच. आता दिराने घराला कुलूप ठोकून तिला बाहेर काढलं होतं. "मी सोता त्याले परतवाड्याच्या स्टँडवर सोडून आली," असं ती म्हणाली होती. सरांची ताकीद होती, थोडक्यात आणि शुद्ध लिहा. मग काय, आमच्या प्रियदर्शनी बाईसाहेबांनी परतवाडा गाळला, स्टँड गाळला आणि झोकात लिहिलं, 'अर्जदार पतीला सोडून आली.' शुद्धलेखनाची एक चूक असेल तर शपथ! खाली छापील ओळ होतीच, 'अर्ज वाचून दाखवला, मजकूर बरोबर आहे.' कसला वाचून दाखवला? जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. हिने अंगठा घेतला आणि पळाली.

तो अर्ज आज दोन वाजता वकील माधवीताई अचलपूरच्या कोर्टात देणार होत्या. दिराला आणखी काय हवं होतं? घर आयतंच गिळायला मिळालं असतं.

माधवीताईंचा फोन लागेना. प्रियदर्शनीने धावत एसटी गाठली. जागा होती, पण तिला बसवेना.

"ताई, तुमी उभ्या रायल्यानं गाडी काई लवकर नाई पोचत," कंडक्टर म्हणाला. तरी ती दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत उभीच राहिली. स्वतःचा भयंकर राग येत होता.

कोर्टाच्या खिडकीशी माधवीताई फाइल पुढे करतच होत्या; केशरबाई मागच्या बाकावर बसली होती. "थांबा! चूक माझी आहे," प्रियदर्शनी ओरडली आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली. माधवीताईंनी तिला कोरा कागद दिला.

तिथेच बाकावर तिने अर्ज नव्याने लिहिला, परतवाड्यासकट, स्टँडसकट. मग केशरबाईजवळ बसून शब्द न् शब्द वाचून दाखवला.

"हे बराबर हाय," केशरबाई म्हणाली. "पन काल काहून नाई वाचलं वं?"

"घाई होती, मावशी."

"मले कुठी घाई होती?" शाईत अंगठा बुडवत केशरबाई म्हणाली. "मी तं कुलपाच्या भाईरच बसून होती."