आचरेकर परिणाम

डॉ. सुबोध आचरेकर निवृत्तीला आले होते, पण खुर्ची सोडायला नव्हे. पवईच्या संस्थेत जनुकशास्त्रात उभी हयात काढलेल्या माणसानं आता मुलुंडला बसून बायकोला भाजी निवडू लागायची, ही कल्पना त्यांना सोसत नव्हती. मालनताईंना तर मुळीच नव्हती. तेव्हा मुदतवाढ मिळणं दोघांच्याही हिताचं होतं.

अर्जात दाखवायला माल एकच, पण खणखणीत: तीस वर्षांपूर्वीचा, मरोळच्या गावठाणावरचा शोधनिबंध. एवढ्याशा गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या रक्तात अख्ख्या किनारपट्टीएवढी विविधता आहे, असा त्यात दावा होता. पुढे सरांनी बरंच लिहिलं, ते त्यांच्याखेरीज कोणी वाचलं नाही. या एका निबंधाचा दाखला मात्र जगभरातले लोक देत. तो आकडा सर दर महिन्याला डोळे भरून बघत. दाखला देणाऱ्यानं पुढे काय लिहिलंय, हे वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत. आहेराची पाकिटं मोजावीत, आतल्या चिठ्ठ्या वाचत बसू नये. परदेशी पुस्तकांत तर 'आचरेकर परिणाम' असा शब्दच रूढ झाला होता, आणि ही बातमी त्यांनी पार आचऱ्याच्या भाऊबंदांपर्यंत पोचवली होती.

यंदा समितीनं खोडा घातला. नुसता आकडा नको, तुमचा प्रभाव इतरांच्या शब्दांत दाखवा म्हणाली. सरांनी ते काम यव्होन परेराकडे ढकललं. यव्होन त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवणारी, आणि मूळची त्याच गावठाणातली. चार बरी वाक्यं काढून दे, एवढंच सांगितलं.

ती आली ती दार लोटून घेतच.

"सर, बरी वाक्यं नाहीत."

"म्हणजे, कमी आहेत?"

"म्हणजे नाहीतच. नमुने कसे घेऊ नयेत, याला लोक तुमचा दाखला देतात. आचरेकर परिणाम म्हणजे पाहुण्यांना गावकरी समजणं."

मग तिनं बैजवार सांगितलं. सर रक्त घ्यायला गेले तो दिवस तिच्या एथेलमावशीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाचा, उंबराच्या पाण्याचा. बँड लावून विहिरीचं पाणी आणायचं, त्यासाठी वसई, उत्तन, गोराईपासूनची सोयरीक अंगणात जमलेली. एरवी दारोदार हिंडून माणूस मिळत नाही, आज एका मांडवात सगळे, म्हणून सर खूश. फुकटात साखर तपासतायत असं समजून पाहुण्यांनी बाह्या वर केल्या. सरांनी पत्ता सगळ्यांचा एकच लिहिला: मरोळ. पुढे दुसऱ्या कोणी गावात पुन्हा नमुने घेतले, तोवर विविधता जेवूनखाऊन आपापल्या गावी गेली होती.

"तू आधी का नाही बोललीस?"

"तेव्हा तिसरीत होते, बँडमागे नाचत होते. आणि नंतर माझी पीएचडी तुमच्या हातात होती ना, सर."

तिनं उपायही सुचवला. निबंध मागे घ्या, पाहुण्यांची खरी गावं शोधू, सोयरीक किनाऱ्यावर कुठवर पसरली ते रक्तातूनच दाखवू. दोघं मिळून लिहू. सर म्हणाले, विचार करू. त्या संस्थेत याचा अर्थ शिपायालाही कळतो. निबंध गेला की आकडा गेला, आकडा गेला की मुदतवाढ, आणि मग मुलुंडची भाजी.

सरांनी एकाच वाक्यावर भागवलं: 'या क्षेत्रातल्या कोणत्याही संशोधकाला आचरेकरांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.' ज्या परदेशी पुस्तकातून ते घेतलं, त्यात वाक्याला पुढे शेपूट होतं, 'तीच चूक पुन्हा करायची नसेल तर'. ते त्यांनी कापलं. समितीचे अध्यक्ष चंद्रप्रकाश आयुष्यभर पोलादावर काम केलेले. रक्ताचं त्यांना काय कळणार? वाक्य त्यांना झकास वाटलं. मुदतवाढ मंजूर झाली, आणि एवढा मोठा अधिकारी माणूस म्हणून नव्या विद्यार्थ्यांना नमुने घ्यायला शिकवायचं कामही सोबत आलं.

पहिल्याच तासाला मुकुल नावाच्या एका पोरानं हात वर केला. त्यानं ते पुस्तक शेपटासकट वाचलं होतं.

"सर, आचरेकर परिणाम म्हणजे नक्की काय?"

सरांची नजर तासाला मदतनीस म्हणून शेवटच्या बाकावर बसलेल्या यव्होनकडे गेली.

"ते परेरा मॅडमना विचारा," ते शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी त्या स्वतः तिथे होत्या."

यव्होन उठली आणि तिनं बँडपासून सुरुवात केली. सगळा वर्ग मागे वळून बसला, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या सरांच्या वाट्याला नुसत्या पाठी आल्या.