धाकट्या कॅमेऱ्याला न दिसलेलं तेज

सभागृहात माणसांची रेटारेटी चालली होती. बाबा आत गादीवर बसले होते, पण गर्दी बाबांपुढे नव्हतीच. ती होती दाराशी टांगलेल्या बाबांच्या फोटोपुढे. फोटोत बाबांच्या डोक्याभोवती सोनेरी तेज होतं. चांगलं परातीएवढं.

"माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं!" पट्टशिष्य घसा ताणून सांगत होता. "का? तर यंत्राला अहंकार नसतो!"

यंत्राचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, मालक कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. मागच्या आठवड्यात हा फोटो त्यानेच काढला होता. त्यात कसलीही कारागिरी केलेली नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं आणि ते खरं होतं. पंचाईत तीच झाली होती.

गर्दीतून वाट काढत त्याची ताई आली. "ऐकलंस का? बाबा म्हणाले, पोरीला तेजासमोर बसवा आणि सुया बंद करा. आज रात्रीपासून इन्शुलिन बंद."

"ताई, अगं डॉक्टर काय म्हणाले होते? एक दिवससुद्धा चुकवायचं नाही!"

"डॉक्टरांच्या डोक्यामागे मला कधी काही दिसलं नाही. आणि हा फोटो कुणी काढला? तूच ना? का तूही खोटं बोलायला लागलास?"

तो तडक घरी आला.

त्याची एक सवय होती. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर तो पिशवीत एक छोटा, साधा डीएसएलआरही ठेवी. नवशिके घेतात तसला. मोठ्या कॅमेऱ्याने ऐन वेळी दगा दिला तर हाताशी असावा म्हणून कार्यक्रमात त्यावरही थोडे फोटो काढायचे, आणि मोठा नीट चालला की ते कधीच उघडून बघायचे नाहीत. आज त्याने उघडले.

तेच बाबा, तीच गादी. तेज नव्हतं. मानेमागे एक छोटा दिवा होता आणि चिकटपट्टीने डकवलेली त्याची वायर.

स्वस्तातल्या कॅमेऱ्याला अध्यात्म झेपत नसेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याला फोटो काढायच्या दिवशी दाराशी उभा असलेला शिष्य आठवला. 'दृष्टी शुद्ध करतो' म्हणत त्याने मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर अत्तराचा अंगठा टेकवला होता. आशीर्वाद पुसायचा कसा, म्हणून याने तो तसाच ठेवला. निघताना शिष्याने आपल्या उपरण्याने काच पुसूनही दिली होती. पिशवीतल्या छोट्याकडे बघून मात्र तो म्हणाला होता, "हे खेळणं राहू दे."

दोन्ही कॅमेरे घेऊन तो ताईकडे धावला. भाऊजी नुसत्या बनियनवर मटार सोलत बसले होते. त्याने त्यांच्या मानेमागे टेबलावरचा दिवा ठेवला.

"हलू नका, भाऊजी."

"मी कशाला हलतोय? पण मटार सोलू ना?"

"सोला."

मोठ्या कॅमेऱ्याच्या स्वच्छ काचेतून फोटो काढला. फोटोत भाऊजी, मटार आणि मागचा दिवा. मग त्याने तेलाची वाटी मागितली.

"मामा, तेल मी लावते," म्हणत भाचीने वाटीत बोट बुडवलं आणि काचेवर टेकवलं. दुसरा फोटो काढला. भाऊजींच्या टकलाभोवती सोनेरी तेज उमटलं. परातीएवढं.

"तेलकट काचेवर मागच्या दिव्याचा उजेड फाकतो, ताई. बस, एवढंच आहे."

ताई फोटोकडे बघतच राहिली. "यांच्यात देव असता तर इतक्या वर्षांत मला कळलं नसतं?"

"तू नीट बघितलंच नाहीस कधी," भाऊजी म्हणाले.

ती हसली नाही. उठून फ्रीज उघडला, औषध काढलं आणि पोरीला जवळ ओढलं. सुई टोचली. "उद्या तुझं काय झालं असतं गं..." एवढंच म्हणाली.

आता त्याच्या स्टुडिओच्या काचेत दोन फोटो शेजारीशेजारी लावले आहेत: तेजासकट बाबा आणि तेजासकट भाऊजी. पहिल्याच दिवशी दोन गिऱ्हाइकांनी आत येऊन भाऊजी दर्शन कधी देतात, अशी चौकशी केली. तेव्हा खाली मोठ्या अक्षरांत लिहावं लागलं:

'हे तेज तेलाच्या बोटाचं आहे. ज्याला शंका असेल त्याने आत यावं, त्याचंही काढून देऊ. फोटो फुकट. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचंही औषध बंद करू नका.'