पिंकी घरात, हजेरी शाळेत

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास काशीगावात शालूच्या खोलीसमोर इतकी गर्दी जमली होती की चपलांची रांग थेट नळापर्यंत गेली होती. आत खाटेवर शालूची नऊ वर्षांची पिंकी तापाने फणफणत पडली होती, आणि शालूच्या मोबाइलवर शाळेचा मेसेज आला होता : 'तुमची पाल्य आज शाळेत उपस्थित आहे.'

"बगा, बगा! पोर हितं हाय आन् हजेरी तितं!" वस्तीतले वडीलधारे दाजी तो मोबाइल आरतीच्या ताटासारखा गर्दीतून फिरवत होते. बायका हात जोडत होत्या. एकीने तर मोबाइललाच हळदकुंकू लावलं, त्यामुळे मेसेजमधला 'उपस्थित' हा शब्द दिसेनासा झाला.

मला तिथे फोटो काढायला बोलावलं होतं. मी काशीनाथ. राहतो सिल्व्हर पार्कात, आणि हायवेजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. माझा विश्वास फक्त कॅमेऱ्यावर, आणि तोही बेताचाच. नवरदेवांच्या तोंडावरच्या पुटकुळ्या गेली तीस वर्षं मीच पुसत आलोय.

एवढ्यात "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत हजेरीबाबा आले. भगवी लुंगी, काळा गॉगल, गळ्यात रुद्राक्ष आणि इअरफोन एकत्र गुंतलेले. बाबांनी जूनमध्ये शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, शालूच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, मंडप ठोकला होता. जुलैत एक बाप शाळेत भांडायला गेला, की माझा मुलगा आठ दिवस माणगावला आहे आणि तुम्ही मला रोज हजर म्हणून कसं कळवता? शाळेचा कारकून महिपत त्याला प्रेमाने बाबांच्या मंडपात घेऊन गेला. बाप बाहेर आला तो 'पोराचा आत्मा रोज शाळेत जातो' म्हणत पेढे वाटतच. तेव्हापासून चेणे गावापासून मीरा रोडपर्यंत बाबांचा बोलबाला झाला.

पिंकीच्या कपाळावर अंगारा फासून बाबा गर्दीकडे वळले. "देह म्हणजे काय, बेटा? मोबाइलचं कव्हर! और आत्मा? सिमकार्ड! कव्हर घरी पडलंय, सिम रोमिंगवर गेलंय. आता मला सांगा, सिम चालू असताना कव्हरची चिंता कोण करतं?"

"कोन न्हाय, बाबा!" गर्दी म्हणाली.

"मग आत्म्याला रेंज मिळू द्या. दहा ते पाच लेकराला उठवायचं नाही, हलवायचं नाही. डॉक्टर, इंजेक्शन तर बिलकुल नाही! सुई टोचली की देहाला आत्म्याशी बांधणारं सूत तुटतं. सूत तुटलं तर आत्मा कायमचा चौथीत!"

मी विचारलं, "बाबा, पाचनंतर तर दवाखाना चालेल?"

"पाचनंतर आत्मा दमून आलेला असतो. त्याला आराम नको?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा फोटोही हलला, कारण मला हसू आवरेना. पण शालूने मला दाराशी गाठलं तेव्हा हसू पळालं. ती काशीमिऱ्याला पॅकिंगच्या कामाला जाते, नवरा ट्रकवर महिना महिना बाहेर. "काका, ताप लय हाय. पण शाळंत हजर हाय म्हंजी आतून पोर धड आसंल ना?"

मी तिला दवाखान्यात न्यायचं सांगितलं. तिने मान हलवली खरी, पण दारात पन्नास माणसं आत्म्याची वाट अडू नये म्हणून पहारा देत उभी होती. मी तिथेच हट्ट धरायला हवा होता. नाही धरला, याची मला आजही लाज वाटते.

बाहेर मंडपात खिचडीचं वाटप चालू होतं. बाबांचं हे पातेलं कधीच रिकामं होत नसे, हा त्यांचा दुसरा चमत्कार. मीही दोन वाट्या खाल्ल्या. नास्तिकाला भूक लागत नाही असं थोडंच आहे?

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास स्टुडिओत एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, खांद्याला झोळी, काखेत शाळेचा हजेरीचा टॅब. त्यांनी ओळख करून दिली. नीलिमा, सरकारी शाळांमधली लबाडी शोधायला नेमलेल्या स्वतंत्र तपास पथकाच्या अधिकारी. हे पथक मुख्याध्यापकांच्या हाताखाली नाही की शिक्षण खात्याच्याही नाही. शाळेत शिरायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

"शंभर टक्के हजेरी," त्या म्हणाल्या. "जूनपासून एकही मूल एकही दिवस गैरहजर नाही. मुलांना सर्दीही होत नाही का इथे? म्हणून आज शाळा उघडल्या उघडल्या टॅब ताब्यात घेतला. हजेरी लागताना हा प्रत्येक चेहऱ्याचा फोटो साठवतो. मला ते मोठे करून हवेत."

मी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. मंगळवार, सकाळी दहा अडतीस : पिंकी. लाल रिबिनी, छान हसू. बुधवारी त्याच रिबिनी, तेच हसू, तोच पडलेला दात. सोमवारीही तेच. आणि प्रत्येक मुलाच्या हनुवटीखाली एक अंगठा! काळंनिळं नख असलेला एकच अंगठा, सगळ्या शाळेच्या हनुवटीखाली.

"आत्म्याला अंगठा असतो वाटतं," नीलिमाबाई म्हणाल्या.

मी मात्र अंगठ्यामागे बघत होतो. निळा पडदा, त्यावर उजवीकडे चहाचा डाग. मी मागे वळून माझ्या भिंतीकडे पाहिलं आणि ओरडलो, "अहो, हा तर माझा पडदा!"

मग सगळं ओकलो. जूनमध्ये ओळखपत्रांसाठी शाळेची सगळी मुलं माझ्याकडे आली होती. नंतर महिपतने प्रत्येकाचा चेहरा खऱ्या आकारात छापून, लॅमिनेशन करून मागितला. कशाला, तर म्हणे प्रदर्शन आहे. पहिला गठ्ठा चकाकतो म्हणून परत आला. मी हौसेने न चकाकणारं लॅमिनेशन करून दिलं, वर चहाही पाजला. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारतात ते ऐकून होतो. मी तर धार लावून दिली होती.

"यंत्र जुनं आहे," नीलिमाबाई म्हणाल्या. "ते चेहरा ओळखतं. समोर मूल आहे की कागद, हे त्याला कळत नाही. कारकून रोज सकाळी पत्ते पिसल्यासारखे हे फोटो समोर धरतो. जेवढी हजेरी, तेवढा खिचडीचा तांदूळ शाळेत येतो. आणि कागदाची मुलं जेवत नाहीत, त्यांचा तांदूळ उरतो."

"पण ही पिंकी घरी तापाने पडलीय. आज चौथा दिवस, आणि डॉक्टर नाही."

त्या ताडकन उठल्या. "मग बाकीचं मागाहून. छापा एक पिंकी आणि चला."

शालूच्या दारात मंगळवारपेक्षा दुप्पट गर्दी होती. त्या दिवशी मेसेजच आला नव्हता. बाबा गंभीर चेहऱ्याने सांगत होते, "आत्मा रस्ता चुकलाय! मोठा होम करावा लागेल." महिपत बाजूला उभा राहून सामानाची यादी लिहीत होता. पिंकीच्या हातांवर बारीक लाल ठिपके आले होते.

"आत्मा चुकलेला नाही," नीलिमाबाई म्हणाल्या. "हजेरीचा टॅब सकाळपासून माझ्याकडे आहे, म्हणून मेसेज नाही. शालूताई, हा फोटो घ्या आणि टॅबसमोर धरा."

"नको! सूत तुटेल!" बाबा ओरडले.

"कागदाचं कसलं सूत?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "शालू, धर! मीच छापलाय तो!"

शालूने फोटो टॅबसमोर धरला. टॅब टिंग वाजला, मागोमाग तिच्या कमरेचा मोबाइलही. दाजींनी वाचलं, "तुमची पाल्य आज शाळेत उपस्थित हाय." मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, खाटेवरच्या पिंकीकडे पाहिलं. "आरं, मंग जूनपास्नं वर्गात कोन बसतंय?"

"जे खरंच जातात, ते. बाकीची हजेरी या फोटोंची," नीलिमाबाईंनी अंगठ्याचा फोटो उंच धरला. "आणि हा यांचा पालक."

सगळ्यांनी आपापले अंगठे पाहिले. महिपतने तेवढा पटकन हात खिशात घातला. चोराच्या मनात चांदणं! दाजींनीच तो हात बाहेर ओढला. नख काळंनिळं. बाबांनी आपलं कव्हर आणि सिम दोन्ही एकदम रोमिंगवर नेण्याचा प्रयत्न केला, पण लुंगी दाराच्या कडीत अडकली. पोरांनी मंडपाचा मागचा पडदा ओढला, तर पातेल्याशेजारी शाळेच्या शिक्क्याची तांदळाची पोती. आमच्या पोरांच्या तोंडचा घास आम्हीच प्रसाद म्हणून चाटूनपुसून खाल्ला होता.

शालूने यातलं काही पाहिलं नाही. पिंकीला खांद्यावर टाकून ती केव्हाच रिक्षाकडे धावली होती. मी मागोमाग गेलो. डेंग्यू निघाला. "एक दिवस उशीर झाला असता तर मला हे इतक्या सहज सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. शालूने माझी बाही संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

दोन आठवड्यांनी शाळेत पालकांची सभा झाली. महिपत आणि बाबा तोवर कोठडीत होते. नीलिमाबाईंनी सगळी लबाडी पायरीपायरीने सांगितली आणि विचारलं, "काही शंका?"

एरवी अशा सभेत सगळे चहाची वाट बघतात. शालू उठली. "म्याडम, बाबाला कुनी इचारलं न्हाय, महिपतला कुनी इचारलं न्हाय. तुमाला कोन तपासनार?"

मुख्याध्यापक दचकले. नीलिमाबाई मात्र खूश झाल्या. "तुम्ही. माझा अहवाल या भिंतीवर लागेल. दर महिन्याला या, वर्गात डोकी मोजा, आणि जुळलं नाही तर मला जाब विचारा."

"म्हयन्यानं कशाला?" म्हणत शालू तिथेच चौथीच्या वर्गात शिरली आणि एकेका डोक्यावर हात ठेवून मोजू लागली. मुलं खिदळत होती. एकतिसावं डोकं पिंकीचं होतं, रोडावलेल्या, तेल चोपडलेल्या पिंकीचं. तिथे हात थांबला, आणि शालूला हसता हसता रडू फुटलं.

मंडळी, हजेरी खरी की खोटी हे मोजून कळतं; मोजा, आणि मोजू देत नसतील तर का ते विचारा. पोरगं आजारी आहे का, हे कुठल्या बाबाला किंवा यंत्राला विचारत बसू नका. त्याच्या कपाळाला हात लावा, आणि गरम लागलं तर डॉक्टरकडे न्या.