बोरूच्या रानातल्या हाका

एकोणीसशे त्रेपन्नच्या वैशाखात तमिळ मुलखातली कोळ्ळिडम नदी पार आटली होती. पलीकडच्या गावातलं लग्न उरकून वासुदेवराव बैलगाडीनं कुंभकोणला परतत होते. ते शाळेत संस्कृत शिकवत. बरोबर बायको वेदवती आणि सात वर्षांची कृष्णवेणी. गाडी हाकणारा स्वामीनाथ चोळपुरम्‌चा.

काठावरचं बोरूचं रान माणसाहून उंच वाढून वाळलं होतं. त्यातून जेमतेम गाडीपुरती वाट. भर दुपारी ऊन एकाएकी हळदीसारखं पिवळं झालं. पाखरं गप्प झाली. समोरून एक कोल्हा आला आणि माणसांकडे ढुंकूनही न बघता बैलांच्या पायांमधून निघून गेला.

"अय्या, आग!" स्वामीनाथ ओरडला.

गाडी वळवायला जागा नव्हती. त्यानं बैल सोडले. ते डावीकडे, सरळ धुरात शिरले. वासुदेवराव मुलीला उचलून आल्या वाटेनं पळणार, तोच वेदवतीनं त्यांचं उपरणं धरलं.

"अहो, बैलांमागं चला. त्यांना पाण्याचा वास येतो."

ते धुरात घुसले. पाठीमागची वाट पेटल्याचा आवाज आला.

बोरूच्या आड कमरेइतक्या पाण्याचा डोह होता. बैल आधीच आत उभे होते. कडेला तोच कोल्हा. एक साप पाण्यावरून सरकत त्यांच्या अगदी जवळून गेला, पण कुणी हललं नाही. वेदवतीनं ओला पदर सगळ्यांच्या डोक्यांवर ओढला.

तेवढ्यात धुरातून हाक आली. "अण्णाऽ!"

आवाज कृष्णवेणीचा होता. आणि ती तर वासुदेवरावांच्या खांद्यावर होती.

"अण्णा, ती कोण?" तिनं कानाशी विचारलं.

इतक्यात स्वामीनाथ काठाकडे चालू लागला. "माझी पोर, अलमेलु!"

"अलमेलु घरी आहे ना रे?" वेदवती तमिळमध्ये म्हणाली.

"घरीच आहे, अम्मा. पण हाक मारतेय."

दोघांनी त्याला धरून ठेवलं. "बोरू पोकळ असतो, जळताना वाजतो," वासुदेवराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच पटलं नाही. हाक डोहाभोवती फिरत राहिली. एकदा तर पाठीशीच आली. वेदवती मुलीचा चेहरा हातांत धरून मोठमोठ्यानं तिचंच नाव घेत राहिली. बाहेरची हाक विरेपर्यंत ती थांबली नाही.

ऊन कलल्यावर ते राखेतून बाहेर पडले. स्वामीनाथ बैलही न घेता चोळपुरम्‌पर्यंत धावत गेला. अलमेलु दारात चिंचोके खेळत होती. तिला जवळ घेऊन तो कितीतरी वेळ रडला. "मी कुठं हाक मारली?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

कुंभकोणच्या घरात त्यानंतर वेदवतीनं मुलीला कधी लांबून हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की ती हातातलं काम टाकून उठायची, मुलीपाशी जायची, खांद्याला हात लावायची आणि मगच बोलायची.