वजन ठेवून पाहिलेली पत

"हा सोफा कधी घेतलात?" बँकेतल्या मॅडमनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

लिफ्ट-मेकॅनिक सावरून बसला. घराचं कर्ज कधीच मंजूर झालं होतं, उद्या खरेदीखत. अशा गडबडीतही बँकेनं आपल्या सोफ्याची चौकशी करावी, याचं त्याला बरं वाटलं.

"गेल्या आठवड्यात. हप्त्यांवर. मरून रंग आहे."

"काका, मंजुरी वेगळी आणि पैसे सुटणं वेगळं. सोडायच्या आधी आम्ही पत पुन्हा तपासतो. सोफ्याचा हप्ता धरला तर घराचा हप्ता तुमच्या पगारात बसत नाही. एवढी काय घाई होती?"

"घाई नव्हती. टेस्ट होती."

"कसली?"

"नवी लिफ्ट चालू करताना आम्ही एकदम माणसं चढवत नाही, मॅडम. आधी वजनं ठेवतो. दोर टिकला, की मग माणसं. म्हटलं, एवढं मोठं कर्ज उचलतोय, आधी छोटं वजन ठेवून पत तपासून बघू. आणि टिकली की! दुकानदार लगेच हो म्हणाला."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर माणूस तोच होता.

"सोफा परत केला तर?" त्यानं विचारलं.

"नोंद बदलायला महिना-दीड महिना जाईल. तोवर फाइल थांबली."

त्यानं तिथूनच नवं घर विकणाऱ्या मालकाला फोन लावला आणि थोडं थांबायला सांगितलं. मालक म्हणाला, "तुमचं घोडं अडलंय, मला कशाला अडवता? माझ्याकडे रोख देणारा उभा आहे."

लोकांना वर नेण्यात त्याची हयात गेली होती. स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून आई खाली उतरलीच नव्हती. नवं घर तळमजल्यावर होतं. लिफ्टवाल्यानं तळमजला घेतला म्हणून कामावर सगळे पोट धरून हसले होते. "लिफ्ट बंद पडते," तो म्हणाला होता, "मला विचारा."

तो घरी परतला तेव्हा सोफा जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलेलाच होता. वर जाईना, खाली येईना. शेजारचे आजोबा त्यावर बसून पेपर वाचत होते.

"फर्स्ट क्लास घेतलास रे!"

"बसा, बसा," तो म्हणाला आणि कडेनं अंग चोरून वर गेला.

बायकोनं दारातच चेहरा वाचला. "काय झालं?"

"गेलं घर. सोफ्यापायी."

तिनं दाराला कडी लावली. मग हळूच म्हणाली, "तरी म्हणत होते, अक्कल गहाण टाकू नका. बँकसुद्धा घेणार नाही." आणि डोळे पुसत आत गेली.

आई खाटेवर पाय सोडून बसली होती. पायात नव्या कोऱ्या चपला.

"सवय करतेय रे. इतक्या वर्षांनी घातल्या, चावतायत मेल्या. उद्या किती वाजता निघायचं?"

तो तिच्या पायाशी बसला. चपलेचा पट्टा सोडवला आणि एक भोक सैल करून पुन्हा लावला.

"आता बघ," तो म्हणाला.